सरहद्दीचे गाव : सोनगीर

धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेस निघालात की सुमारे वीस किलोमीटरवर टेकडीवरचा पडका किल्ला दिसतो. ते सोनगीर. मध्य प्रदेशची हद्द तर पुढे सातपुड्यात. मग हे सरहद्दीचे गाव कसे, असे आपण विचाराल.

१३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकीला थाळनेरचा मुलूख दिला आणि पुढे खानदेशची स्वतंत्र सल्तनत उभी राहिली. एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला माळवा, दक्षिणेस बहामनी. एवढ्या राज्याला आतला भाग असा उरतो किती? दख्खनहून सातपुड्याकडे जाणारी वाट सोनगीरवरून जाई आणि सुरत-बुऱ्हाणपूरचा व्यापारी रस्ता जवळच थाळनेरला तापीकाठी होता. किल्ल्यात शिबंदी आली की तिला दाणा, वैरण, नाल, पखाली, भांडी लागतात. ती पुरवणारी माणसे पायथ्याशी वसतात. राज्ये बदलली तरी त्यांचे गिऱ्हाईक तेच.

१६०१ मध्ये असीरगड पडून खानदेश मोगलांकडे गेला. १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख कंपनीला सोडला आणि डोंगर पुन्हा हद्द झाला. पुढच्याच वर्षी कॅप्टन ब्रिग्जने कारभाराचे ठाणे धुळ्यास नेले. व्यापारही हळूहळू तिकडेच गेला.

सोनगीरचे नाव राहिले ते तांब्या-पितळेच्या भांड्यांमुळे. खानदेशात तांब्याची खाण नाही, हे लक्षात घ्या. धातू बाहेरून यायचा, माल बाहेर जायचा; मधली ठोकाठोक तेवढी गावाची. पत्रा कापावा, डाख द्यावा, मठारकाम करावे, तेव्हा कुठे हंडा उभा राहतो. विक्री वजनावर, घडणावळ वेगळी, जुनी मोड परत घ्यायची. कल्हईवाल्यांचे पोटही याच भांड्यांवर. मोल होते ते हाताचे, आणि ते कोणत्याही तहात लिहिलेले नाही! स्टीलची भांडी आली, रुखवतातून हंडे-घागरी मागे पडल्या आणि कित्येक घरांतला ठोका थांबला. तांबट बापाने मुलाला काय शिकवावे, हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

आता चौपदरी रस्ता झाला आहे. गावाजवळ टोलनाका आहे. जुन्या जकातीचीच ही धाकटी बहीण म्हणावी. मालमोटारी इंदूरकडे धावतात, थांबतात थोड्याच.

पालकहो, माळ्यावर जुना हंडा असेल तर सुट्टीत खाली काढा. आमच्या घरच्या हंड्याच्या काठावर आजीचे नाव ठोकलेले आहे. बुडाशी बोट फिरवले तर हातोडीचे ठोके अजून मोजता येतात.