‘पैसे दिलेला माणूस’ इंग्रजीत नेताना: संबंधी सर्वनामाचा थोडा इतिहास

यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या कर्जावर काम करणाऱ्या कुणालाही मुलाखतीत असं वाक्य मिळू शकतं: ‘पैसे दिलेला माणूस आता गावात नाही.’ प्रबंध इंग्रजीत लिहायचा असेल तर याचं भाषांतर काय कराल? ‘द मॅन हू गेव्ह द मनी’ की ‘द मॅन टू हूम द मनी वॉज गिव्हन’? पहिल्यात तो माणूस धनको आहे, दुसऱ्यात ऋणको. मराठी वाक्यात दोन्ही अर्थ मावतात, इंग्रजीत मावत नाहीत. म्हणजे एक ‘टू’ लिहायचा की नाही, यावर तुमच्या डेटातला माणूस सावकार ठरतो की कर्जदार, हे अवलंबून आहे.

संशोधनाची तयारी करणारे बरेच जण ‘इन विच’, ‘टू हूम’, ‘फ्रॉम व्हिच’ हा भाग परीक्षेच्या व्याकरणापुरता पाठ करतात. पण हा नुसता पाठांतराचा विषय नाही. इंग्रजी, मराठी आणि आपल्या शेजारच्या भाषा गौण वाक्य वेगवेगळ्या रीतीने बांधतात, आणि त्या प्रत्येक रीतीला इतिहास आहे. तो माहीत असला की चुका का होतात तेही कळतं.

मराठीच्या दोन रीती

पहिली रीत ‘जो–तो’ची. ‘ज्या गावात मी राहिलो, ते गाव पैनगंगेकाठी आहे.’ इथे संबंध दाखवणारा ‘-त’ हा प्रत्यय ‘ज्या गावा’ला चिकटला आहे, आणि पुढच्या वाक्यात ‘ते’ येऊन जोडी पूर्ण करतं. ही जोडी संस्कृतच्या ‘यद्–तद्’पासून चालत आलेली आहे. इंग्रजीत अशी जोडी लागत नाही. तिथे ‘विच’ एकटंच काम करतं. म्हणून मराठी डोक्याने लिहिलं की ‘द व्हिलेज इन विच आय स्टेड इन इट’ असं वाक्य तयार होतं. शेवटचं ‘इन इट’ म्हणजे आपलं जोडी पूर्ण करायची सवय. आळस किंवा अज्ञान म्हणून ते सोडून देऊ नका. एका व्यवस्थेचा नियम दुसरीत नेल्याने ही चूक होते, आणि म्हणूनच ती वर्गातल्या अनेकांची सारखीच असते.

दुसरी रीत ‘-लेला’ची: ‘मी राहिलेलं गाव’, ‘मी पत्र लिहिलेला पेन’. यात ‘ज्या’ही नाही आणि ‘-त’, ‘-ने’ही नाही. गावात राहिलो, पेनने लिहिलं, हे ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो. बोलताना ही रीत फार सोयीची, कारण वाक्य छोटं होतं. पण जिथे संदर्भ पुरत नाही तिथे ‘पैसे दिलेला माणूस’सारखा गुंता होतो.

इंग्रजीतला नियम आला कुठून?

अनेकांना शिकवलं जातं की वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन ठेवू नये. ‘द हाउस विच आय लिव्ह इन’ चूक, ‘द हाउस इन विच आय लिव्ह’ बरोबर. हा नियम इंग्रजीच्या स्वभावातून आलेला नाही.

जुन्या इंग्रजीत न बदलणारा एक छोटा शब्द गौण वाक्य जोडायला वापरत. त्याच्या आधी प्रीपोझिशन लावता येत नसे, मग ते क्रियापदाजवळ मागेच राही. ‘हू’ आणि ‘विच’च्या घराण्यातले शब्द मुळात प्रश्नार्थक. संबंधी सर्वनाम म्हणून ते मध्ययुगीन इंग्रजीत रुळले, आणि लॅटिन-फ्रेंच वळणाच्या लिखाणात ‘इन विच’सारखी रचना पक्की होत गेली. आजचा ‘दॅट’ मात्र जुन्या शब्दासारखाच वागतो: ‘द हाउस दॅट आय लिव्ह इन’ चालतं, ‘द हाउस इन दॅट आय लिव्ह’ कधीच चालत नाही. ‘दॅट’च्या आधी प्रीपोझिशन का नको, याचं उत्तर असं इतिहासात मिळतं.

1672 मध्ये कवी जॉन ड्रायडन याने बेन जॉन्सनच्या नाटकातल्या वाक्याच्या शेवटी आलेल्या प्रीपोझिशनला दोष दिला. ‘प्रीपोझिशन’ हा शब्द लॅटिनमधून आलेला, अर्थ ‘आधी ठेवलेलं’, आणि लॅटिनमध्ये ते वाक्याच्या शेवटी एकटं राहू शकत नाही. ड्रायडनने नाट्यकाव्यावरचा आपला 1668 चा निबंध 1684 मध्ये पुन्हा छापला, तेव्हा स्वतःच्या वाक्यांतली अशी प्रीपोझिशन्सही उचलून पुढे नेली. दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की हा बदल दिसतो. आवृत्तींची तुलना ही पद्धत किती कामाची असते, याचं हे छान उदाहरण.

1762 मध्ये रॉबर्ट लौथने आपल्या व्याकरणात या प्रश्नावर लिहिलं. त्याचं म्हणणं मवाळ होतं: ही इंग्रजीची नैसर्गिक ओढ आहे, बोलण्यात आणि साध्या लिखाणात चालते, गंभीर लिखाणात पुढे ठेवलेलं जास्त शोभतं. गंमत म्हणजे हे सांगणाऱ्या त्याच्याच वाक्यात प्रीपोझिशन मागे राहिलेलं आहे. 1795 मध्ये लिंडले मरेने लौथवरून हा मजकूर घेतला आणि ते वाक्य ‘सुधारून’ टाकलं. शैलीची पसंती हळूहळू नियम कशी होते, ते इथे दिसतं.

मरेची चौकट मराठीत

मरेचं पुस्तक इंग्रजी राज्याबरोबर दूरवर पोचलं. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं तेव्हा त्यांच्यासमोर मरेचा नमुना होता. मरेने शब्दांच्या नऊ जाती मानल्या होत्या. मराठीत आर्टिकल नसल्याने ती एक गळते आणि आपण शाळेत शिकतो त्या आठ उरतात. विभक्ती मात्र आपण संस्कृतच्या वळणाने मोजतो.

या जोडकामातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मराठी व्याकरणात प्रीपोझिशनच्या जागी ‘शब्दयोगी अव्यय’ ही संज्ञा आहे. तिच्यात ‘आधी’ किंवा ‘नंतर’ असं काहीच नाही, फक्त ‘शब्दाला जोडून येणारं’ एवढंच. आपले ‘साठी’, ‘कडे’, ‘बरोबर’ नामाच्या मागून आणि त्याला चिकटून येतात, म्हणून ही संज्ञा चपखल बसते. ‘ज्याच्यासाठी’ फोडून ‘साठी’ वाक्याच्या शेवटी ठेवायचं म्हटलं तरी जमणार नाही. म्हणजे ड्रायडनला इंग्रजीत जे घडवून आणावं लागलं, ते मराठीत आपोआप होतं. याचा एक फायदा आहे: ‘इन विच’, ‘फॉर हूम’ ही औपचारिक रचना मराठी माणसाला खरं तर जवळची आहे. ‘ज्यात’, ‘ज्याच्यासाठी’ आठवा, आणि शेवटचं ‘तो/ते’ तेवढं गाळा.

पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे

यवतमाळमध्ये मराठीबरोबर कोलामी, गोंडी, बंजारा आणि तेलुगूही बोलल्या जातात. यातल्या कोलामी, गोंडी आणि तेलुगू द्राविड कुळातल्या. एम. बी. एमेनो यांनी वर्ध्याकडच्या कोलामीवरचं आपलं पुस्तक 1955 मध्ये प्रसिद्ध केलं, आणि पुढच्याच वर्षी भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ आहे, वेगळ्या कुळांतल्या भाषा शेजारामुळे सारख्या होत जातात, हा प्रसिद्ध लेख लिहिला.

द्राविड भाषांची ठळक रीत म्हणजे संबंधी सर्वनामाशिवाय, धातुसाधित विशेषणाने गौण वाक्य बांधणं. तेलुगूत ‘डब्बु इच्चिन मनिषि’ म्हणजे शब्दशः ‘पैसे दिलेला माणूस’, आणि संदिग्धताही तीच! संस्कृतातही धातुसाधितं होती, त्यामुळे मराठीतल्या ‘-लेला’चं सगळं श्रेय शेजाऱ्यांना देता येणार नाही. पण दोन्हीकडची रीत जुळते, हे नक्की.

मग आपण काय करायचं?

एक, मुलाखत घेतानाच ‘-लेला’ ऐकलं की विचारा: ‘म्हणजे कोणी कोणाला दिले?’ नंतर टेबलावर बसून ‘टू’ घालायचा की नाही हे ठरवणं म्हणजे सांगणाऱ्याच्या वतीने आपणच बोलणं.

दोन, विचारायचं राहून गेलं असेल तर भाषांतराशेजारी मूळ वाक्य देवनागरीत ठेवा आणि दोन अर्थ होतात हे तिथेच लिहा.

तीन, ‘द हाउस दॅट आय लिव्ह इन’ हे वाक्य कुणी चूक म्हणून खोडलं तर घाबरू नका. प्रबंधात ‘इन विच’ लिहा, कारण औपचारिक लिखाणाची ती प्रथा आहे. पण दुसरं अशुद्ध आहे म्हणून नव्हे.

आणि ‘ग्रामर वीक आहे’ असा शेरा मिळाला तर आपली चुकलेली दहा वाक्यं एका कागदावर उतरवून प्रत्येकाखाली त्याचं मराठी रूप लिहा. बहुतेक चुका दोन-तीन प्रकारांत बसतील, आणि त्या प्रकारांना नावं देता आली की सुधारणा सोपी होते.