सर्जनचं बोट

पायाला खरचटलंय जरासं, लाली तळहाताएवढी, आणि माणूस मात्र वेदनेने गडाबडा लोळतोय. जखम आणि दुखणं यांचा मेळ बसत नाही, आणि तो न बसणं हीच नेक्रोटायझिंग फॅसायटिसची पहिली खूण. हे नाव १९५२ साली विल्सन या अमेरिकी सर्जनने दिलं. आजार मात्र फार जुना. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिप्पोक्रेटिसने धावरं (कातडीचा पसरता लाल दाह) उठून मांस आणि स्नायुबंध गळून पडल्याचं नोंदवलंय. आयुर्वेदातला कर्दम विसर्प वाचावा : मांस चिखलासारखं होतं, आतल्या शिरा उघड्या पडतात, प्रेताची दुर्गंधी येते. लिहिणाऱ्याने रुग्णाशेजारी बसूनच हे लिहिलं असणार.

अमेरिकी यादवी युद्धात याच जातीच्या रोगाला हॉस्पिटल गँग्रीन म्हणत. दक्षिणेकडच्या सैन्यातले डॉक्टर जोसेफ जोन्स यांनी १८७१ साली २,६४२ रुग्णांचा हिशेब मांडला. त्यातले ४६ टक्के दगावले होते. उत्तरेकडच्या मिडलटन गोल्डस्मिथने सडका भाग काढून जखमेवर ब्रोमीन ओतायला सुरुवात केली. उपाय भयंकर झोंबणारा, पण माणसं वाचू लागली.

या कुळकथेतला खरा मूळपुरुष म्हणजे फ्रँक मेलेनी. १९२४ साली पेकिंगमधल्या वीस रुग्णांवर त्याने लेख लिहिला आणि दिवसांच्या हिशेबाने रोगाची चाल मांडली. आधी लाली नि सूज, मग दुसऱ्या ते चौथ्या दिवशी लालीचा रंग काळपट-जांभळा, वर फोड, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कातडी सरळ मेलेली. कारण त्याने शोधलं ते स्ट्रेप्टोकॉकस हे जंतू. पेनिसिलिन अजून कोणाच्या हाती नव्हतं. तरी मेलेनी कातडीला लांबलचक चिरे देई, मेलेल्या भागाच्याही पुढपर्यंत, आणि विसांतले सोळा वाचले. नुसत्या चाकूवर! आज प्रतिजैविकं आणि आयसीयू दिमतीला असूनही कित्येक ठिकाणी याहून बरे आकडे लागत नाहीत. उशीर, दुसरं काय.

विल्सनने पुढची गोष्ट नेमकी केली. कातडी दरवेळी मरतेच असं नाही; मरतो तो तिच्याखालचा, स्नायूंवरचा पातळ पांढरट पडदा, म्हणजे फॅशिया. त्याला मुळात रक्तपुरवठा बेताचा. जंतू त्या वाटेने सरकतात, त्यांची विषं ऊती मारतात, कातडीला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या गुठळ्यांनी तुंबतात. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी १९९४ साली ‘मांसखाऊ जंतू’ म्हणून घबराट उडवली, पण हे जंतू काही खात नाहीत. रक्तच पोचत नसल्यामुळे सलाइनमधून दिलेलं औषधही तिथे पोचत नाही, म्हणून चाकू. वर, नसा मेल्या की दुखणं थांबतं, आणि घरचे म्हणतात, चला, उतार पडला. नेमकी तीच वाईट घटका.

शंका असेल तर सर्जन आजही यंत्रापेक्षा बोटावर भरवसा ठेवतो. जागा बधिर करून दोन सेंटिमीटरचा छेद थेट फॅशियापर्यंत द्यायचा आणि ग्लोव्ह घातलेलं बोट आत घालायचं. निरोगी ऊती चिवटपणे अडवते, रक्त येतं. रोगात बोट लोण्यात शिरावं तसं सरकतं, रक्त जवळजवळ नाही, भांडी धुतलेल्या पाण्यासारखा करडा स्राव येतो. मग स्कॅनसाठी थांबत नाहीत. रुग्ण तिथूनच ऑपरेशनला.

औषधांचीही एक गंमत आहे. १९५२ सालीच हॅरी ईगलने उंदरांवर दाखवलं की जंतूंची गर्दी वाढून त्यांची वाढ मंदावली की पेनिसिलिन लंगडं पडतं. म्हणून सोबत क्लिंडामायसिन देतात. ते जंतूंचं विष बनवण्याचं कामच बंद पाडतं.

हे सगळं रुग्णालयातलं. त्याआधी, समजा मधुमेह्याच्या लाल झालेल्या पायावर लेप आणि शेक सुरू असताना, घरात एक साधी गोष्ट करता येते : लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून शेजारी वेळ लिहायची. तासा-दोन तासांत लाली रेघेबाहेर गेली, किंवा ताप, गुंगी, असह्य दुखणं यांतलं काही दिसलं, तर दवाखाना नव्हे, सर्जन असलेलं मोठं रुग्णालय गाठायचं. रेघेच्या आत आहे म्हणून मात्र निर्धास्त राहायचं नाही. आतला पडदा वरच्या लालीच्या पुढे गेलेला असू शकतो. म्हणूनच पहिल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण चोवीस तासांत जखम पुन्हा उघडून पाहतात, आणि बहुतेक वेळा आणखी कापावं लागतं.