आयात रायफलीची पारख : दिसणारे दोष आणि धोक्याचे दोष

अमेरिकेच्या शस्त्रबाजारात रुमानियातील कुजीर येथील कारखान्यातून येणारी ‘वासर-१०’ ही रायफल अनेक वर्षे विकली जात आहे. कलाश्निकोव्हच्या रचनेची ही अर्धस्वयंचलित रायफल आहे. म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत चढते. तिची माशी किंचित तिरकी बसलेली, मॅगझीन हलणारे, लाकूड खडबडीत, अशा तक्रारी तिच्याविषयी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. तरीही तिला गिऱ्हाईक आहे. कारण यांपैकी बहुतेक दोष डोळ्यांना खटकतात, पण जिवावर बेतत नाहीत. जिवावर बेतणारे दोष वेगळे असतात आणि ते सहसा चटकन दिसत नाहीत. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या चौकटीत अशी रायफल सामान्य नागरिकाच्या परवान्यावर मिळत नाही. त्यामुळे येथील वाचकांसाठी हा विषय खरेदीचा नसून समजून घेण्याचा आहे.

दोन कारखान्यांचे काम

आयात रायफलीतील अनेक उणिवांचे मूळ कायद्यात आहे. १९६८ च्या अमेरिकी कायद्यानुसार आयात होणारे शस्त्र खेळ वा शिकारीस योग्य असावे लागते. १९८९ मध्ये याच निकषावर अर्धस्वयंचलित रायफलींच्या ४३ नमुन्यांची आयात थांबवण्यात आली. पुढे १९९० च्या कायद्याने आणि त्याखालील नियमाने, अमेरिकेत जुळवलेल्या अशा रायफलीत यादीतील २० भागांपैकी १० हून अधिक भाग परदेशी असता कामा नयेत, असे बंधन आले.

याचा परिणाम असा की रायफल परदेशातून एका रूपात येते आणि अमेरिकेतील कार्यशाळेत दुसरे रूप घेते. ‘वासर’ अरुंद, एकेरी रांगेच्या मॅगझीनसाठी बनून आली. रुंद मॅगझीन बसावे म्हणून तिचा गाळा अमेरिकेत कापून मोठा करण्यात आला. दस्ता, चापाचे भाग हेही येथेच बदलले गेले. मॅगझीन डुलण्याचे कारण बहुधा या कापकामात असते, रुमानियातील नळीत किंवा बोल्टमध्ये नव्हे. म्हणून पारख करणाऱ्याने दोन्ही ठिकाणचे काम वेगवेगळे पाहावे.

खटकणारे, पण चालणारे

पृष्ठभागावरचे हत्यारांचे ओरखडे, असमान रंग, लाकडाचा राठपणा यांचा रायफलीच्या बळकटीशी संबंध नाही. माशी थोडी तिरकी असेल, तर ती बाजूला सरकवून नेम जुळवता येतो. ती अगदी टोकापर्यंत सरकवूनही नेम जुळत नसेल, तर मात्र रायफल नाकारावी. मॅगझीन किंचित डुलले तरी चालते. पण ते खटक्यात घट्ट अडकत नसेल किंवा काडतूस वर चढताना अडत असेल, तर तो केवळ दिसण्यातला दोष राहत नाही.

न दिसणारे, पण घातक

या रायफलीच्या ७.६२ गुणिले ३९ मिलिमीटर काडतुसाचा कमाल दाब युरोपीय मानकानुसार ३५५ मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे साडेतीन हजार पट आहे. हा दाब नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर रोखला जातो. तो रोखण्याचे काम बोल्टच्या कानांचे आणि ते ज्यात फिरून अडकतात त्या पुढच्या ट्रनियनचे असते. नळी याच ट्रनियनमध्ये दाबून बसवतात आणि आडव्या खिळीने पक्की करतात. नळी किती आत बसली यावर ‘हेडस्पेस’ ठरते, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा. ही जागा प्रमाणाबाहेर वाढली, तर काडतुसाचे पितळ ताणून फाटू शकते आणि तप्त वायू मागे फुटतो.

डोळ्यांनी हे मोजता येत नाही. त्यासाठी पोलादी मापे असतात. ‘गो’ मापावर बोल्ट बंद झाला पाहिजे, ‘नो-गो’ मापावर बंद होता कामा नये. ट्रनियन ओतीव आहे की ठोकून घडवलेला, हेही विचारून घ्यावे. घडीव पोलाद अधिक भरवशाचे.

रिसीव्हर साधारणपणे १ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा असतो आणि रिव्हेटांनी जोडलेला असतो. रिव्हेटाचे डोके पूर्ण गोल व पत्र्याला चिकटलेले असावे. फट, तिरकेपणा किंवा भोवतीचा तडा ही नाकारण्याची कारणे आहेत. सर्बियातील झास्तावाच्या एम-७० मालिकेत १.५ मिलिमीटर पत्रा वापरतात. मात्र तिच्या नळीला परंपरेने क्रोमचा मुलामा नसे. तो अलीकडच्या नमुन्यांत आला. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतील क्षार गंज धरवतात, त्यामुळे मुलामा नसलेली नळी प्रकाशात धरून काळजीपूर्वक पाहावी. जाड पत्रा म्हणजे सर्वच बाबतीत श्रेष्ठ, असा हिशेब धरू नये.

सहीपूर्वीची दहा मिनिटे

आंतरराष्ट्रीय प्रमाणन आयोगाच्या सदस्य देशांत विक्रीपूर्वी शस्त्रातून जादा दाबाची काडतुसे उडवून त्यावर शिक्का मारणे सक्तीचे आहे. ही व्यवस्था १९१४ पासूनची आहे. अमेरिका या आयोगाची सदस्य नाही. तेथे अशी सरकारी सक्ती नाही. उत्पादक आणि आयातदार यांच्या चाचणीवरच विसंबावे लागते.

दूरवरून मागवलेली रायफलही परवानाधारक विक्रेत्याकडेच येते आणि तेथे ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरल्यावर हाती पडते. एकदा ताबा घेतला की ती वापरलेली ठरते आणि अनेक विक्रेते परत घेत नाहीत. म्हणून तपासणी त्याआधी, विक्रेत्याच्या परवानगीने करावी. प्रथम रायफल रिकामी असल्याची खात्री, मग रिव्हेट, नळी, माशी, मॅगझीन, सुरक्षा खटका आणि चाप, असा क्रम सोयीचा. हेडस्पेसचे माप हाताशी नसेल, तर पहिली गोळी झाडण्याआधी ती बंदूक-कारागिराकडून मोजून घ्यावी. ओरखडे नंतरही घासता येतात. ट्रनियनमधील चूक मात्र घरी दुरुस्त होत नाही.