पट्ट्यावरून सुटलेला पंखा

इंजिन बंद करून किल्ली काढून घेतली, तरी कित्येक मोटारींच्या पुढच्या भागातून पंख्याची घरघर काही वेळ ऐकू येते. इंजिन थांबले असताना हा पंखा कोण फिरवते?

पूर्वीच्या मोटारींत, उदाहरणार्थ कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत, इंजिन गाडीच्या लांबीला समांतर असे. त्याच्या पुढच्या टोकाशी पंखा, पंख्यासमोर रेडिएटर. इंजिनाने पट्ट्याच्या साहाय्याने पंखा फिरवायचा. रचना सोपी, पण हिशेब उलटा! गर्दीत गाडी उभी असते, समोरून वारा नसतो, तेव्हा पंख्याची खरी गरज. नेमके तेव्हाच इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद. मोकळ्या रस्त्यावर वाऱ्यानेच भागते, तेथे तो जोराने फिरून शक्ती खातो. पंख्याचा वेग दुप्पट झाला, की लागणारी शक्ती सुमारे आठपट होते.

पुढे इंजिनाची दिशाच बदलली. १९५९ साली ॲलेक इसिगोनिस यांनी ब्रिटनच्या ‘मिनी’त इंजिन आडवे बसवले. पंखा पट्ट्याचाच राहिल्याने रेडिएटरही त्याच्यासोबत बाजूला, चाकाजवळ गेला आणि समोरच्या वाऱ्याला मुकला. इटलीत दान्ते जाकोसा यांच्या १९६९ च्या फियाट १२८ मध्येही इंजिन आडवेच होते. मात्र रेडिएटर पुढे होता आणि पंख्याला विजेची मोटार होती. पट्टा हवा तसा वळवता येत नाही, तार येते.

आता पंख्याने इंजिनाच्या वेगाकडे नव्हे, पाण्याच्या तापमानाकडे पाहायचे होते. त्यासाठी लागणारे भाग मुळीच नवे नव्हते. द्विधातू पट्टी जॉन हॅरिसन यांनी अठराव्या शतकात घड्याळासाठी वापरली होती. रिले हे तर तारायंत्राच्या काळातले साधन. पाणी ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापले, की तापस्विचमधील द्विधातू चकती टचकन उलटी वाकते. रिलेच्या गुंडाळीतून थोडासा प्रवाह वाहतो, तिचे चुंबकत्व जाड टोके जुळवते आणि बॅटरीतून फ्यूजमार्गे पंख्याला मोठा प्रवाह मिळतो. १२ व्होल्टवर १२० वॉटची मोटार म्हणजे १० अँपिअर; एवढा भार नाजूक स्विचवर टाकणे बरे नव्हे. पाणी पाचसात अंशांनी निवेपर्यंत चकती पूर्ववत होत नाही. हे अंतर मुद्दामच ठेवलेले असते, नाहीतर पंखा क्षणोक्षणी चालू-बंद होत राहील.

भारतात १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्येही आडवे इंजिन आणि विजेचा पंखा होता. आजच्या गाड्यांत चकतीचे काम बहुधा तापमान-संवेदक आणि संगणक करतात.

इंजिन थांबले, की पाण्याचा पंपही थांबतो. तापलेले लोखंड मात्र पाण्याला उष्णता देतच राहते. म्हणून कित्येक गाड्यांत पंख्याचे मंडल किल्लीवर अवलंबून ठेवलेले नसते. अशा गाडीत पंख्याजवळ हात घालण्यापूर्वी जाणता मिस्त्री बॅटरीची तार सोडवतो.