मरुदेशांतील शमी

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत, लावलेल्या झाडांस उन्हाळ्यांत सायंप्रातः व हिवाळ्यांत एक दिवसाआड पाणी घालावें, असें सांगितलें आहे. त्याच ग्रंथाच्या दकार्गलाध्यायांत मरुदेशांतील भूजलाच्या शिरांस उंटाच्या मानेची उपमा आहे. तेव्हां तेथें दोन वेळां पाणी आणावें कोठून? याचें उत्तर आमच्या मतें मारवाडच्या आचारांत सांपडतें. तेथील खेजडी म्हणजे दसऱ्यास आपण पूजितों तीच शमी. तिचीं मुळें फार खोल जातात. वाढलेल्या झाडास शिंपणें लागत नाहीं. हिवाळ्यांत डहाळ्या छाटून पाला गुरांस घालतात, कोंवळ्या शेंगांची भाजी करितात. बुंधा मात्र राखतात. बिष्णोई पंथाच्या २९ नियमांत तर हिरवें झाड तोडण्यासच मनाई आहे.

संवत् १७८७ त (इ. स. १७३०) जोधपूरच्या महाराजा अभयसिंहाचीं माणसें चुनाभट्टीच्या सरपणासाठीं खेजडली गांवीं आलीं. तेव्हां अमृतादेवीसह ३६३ बिष्णोई झाडांस कवटाळून मारले गेले, असें पंथाची परंपरा सांगते. (पिलाजी गायकवाडांचा १७३२ त डाकोरास घात करविणारा अभयसिंह तो हाच.) पुढें महाराजांनीं वृक्षतोडीच्या मनाईचा ताम्रपट दिला, असेंहि तीच परंपरा म्हणते. दानपत्रें जमविणाऱ्या आमच्या वाचकांनीं असल्या मनाईपत्रांवरहि नजर ठेवावी.