तुघलकाचे पितळी नाणे

वाचकहो, कोठे एखादा उफराटा निर्णय झाला की आपण ‘तुघलकी कारभार’ म्हणून मोकळे होतो. दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक (१३२५ ते १३५१) याला हा शिक्का चिकटण्यास त्याचे पितळी नाणेही कारणीभूत आहे. ते नाणे म्हणजे खरोखर वेडेपणा होता काय, हे शांतपणे पाहिले पाहिजे.

त्या काळी मोठे व्यवहार चांदीच्या टंक्यात चालत. चांदीची टंचाई होती आणि सुलतानाच्या मोहिमांचा खर्च अवाढव्य होता. म्हणून १३२९-३० च्या सुमारास त्याने तांब्यापितळेची नाणी पाडली व ती चांदीच्या टंक्याच्या भावाने स्वीकारावीत असे फर्मान काढले. आपल्या मराठवाड्यातील दौलताबादेतही ही नाणी पाडली गेली. जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो परमेश्वराची आज्ञा पाळतो, अशा आशयाचा मजकूर त्यांवर होता.

ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. चीनमध्ये कुब्लाईखानाचे कागदी चलन चाले. पण नकली नोट करणाऱ्यास तेथे देहदंड होता. इराणात १२९४ मध्ये गैखातूने तोच प्रयोग केला, तेव्हा तबरीझचे बाजार ओस पडले.

दिल्लीत घोटाळा झाला तो नकलेमुळे. सरकारी नाणे ओळखण्याची खास खूण नव्हती. कुशल कारागीर तसा ठसा सहज कोरू शके. घरांच्या टांकसाळी झाल्या, असे समकालीन इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो. लोकांनी सारा पितळेत भरला आणि चांदी दडवली. व्यापारी ते नाणे घेईनात. दोन-तीन वर्षांत सुलतानाने ते मागे घेतले व खजिन्यातून सोने-चांदी देऊन बदलून दिले. खजिना रिता झाला, पण दिलेला शब्द त्याने पाळला. ही गोष्ट त्याला हसणारे सहसा सांगत नाहीत.

आपल्या खिशातील शंभराची नोट तरी काय आहे? कागदच! परंतु तिच्यामागे रिझर्व्ह बँकेचे वचन आहे, आणि नक्कल होऊ नये म्हणून जलचिन्ह व सुरक्षा धागा आहे. सुलतानाची कल्पना पुढे साऱ्या जगाने स्वीकारली. त्याच्यापाशी नव्हता तो बंदोबस्त. ती पितळी नाणी आज संग्राहक हौसेने विकत घेतात, पण ती किंमत जुनेपणाची आहे. तिने बाजारहाट होत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचे प्रमाणपत्रही असेच एक नाणे आहे. त्यामागे खरी विद्या असेल तर ते कोठेही चालेल. कॉपी करून मिळवलेला कागद मात्र पितळेचा टंका होय. आणि अशी नाणी बाजारात वाढली की मेहनतीने शिकलेल्या मुलाच्या अस्सल नाण्याकडेही लोक संशयाने पाहू लागतात. पालकांनीही गुणपत्रिका पाहताना केवळ आकडे पाहू नयेत. मुलाला काय येते, ते विचारावे.