पोपटाच्या पोटातला इतिहास

मण्यांच्या पोपटाचं वय ठरवायचं असेल तर त्याच्या पोटात बघावं. मेण लावलेला सुती दोरा, बारीक काचेची पोत आणि आत कापूस नाहीतर जुन्या लुगड्याच्या चिंध्या निघाल्या, की समजावं, हा आजीच्या पिढीचा. नायलॉनचा तंगूस, प्लास्टिकचे मोती आणि पोट रिकामं, तर आईच्या पिढीचा. मोडके, दोरा तुटलेले, एक डोळा हरवलेले असे पक्षी माझ्याकडे दुरुस्तीला येतात. त्यांची शिवण उसवता उसवताच मला या कलेचा इतिहास कळत गेला.

हे पक्षी आपल्याकडे मुख्यतः रुखवताचे. करंज्या, साटोऱ्या, विणलेले रुमाल आणि मण्यांच्या तोरणाशेजारी पोपट किंवा राजहंसांची जोडी मांडलेली असायची. पोपट हे कामदेवाचं वाहन, त्यामुळे लग्नघरात त्याचा मान मोठा. लग्न आटोपलं की ही जोडी सासरच्या काचेच्या कपाटात जायची आणि तिथे चाळीस-चाळीस वर्षं बसायची.

पण मणी आले कुठून? भारतात काचमणी फार जुना. मराठवाड्यातल्या तेरला, म्हणजे प्राचीन तगरला, काचेचे मणी मातीतून निघाले आहेत. आंध्रातल्या पापनायडुपेटमध्ये वितळलेल्या काचेची पोकळ नळी ओढून तिचे मणी कापायची प्राचीन रीत विसाव्या शतकापर्यंत चालत आली. तरी एकोणिसाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर खपला तो बहुतेक परदेशी माल: व्हेनिसची पोत आणि बोहेमियातल्या याब्लोनेत्सची पोत. त्या पोतीचा दाणा बारीक आणि एकसारखा. विणकामाला हाच गुण लागतो. दाणे लहानमोठे असतील तर पक्ष्याची मान वाकडी होते.

ही पोत हाती येताच सौराष्ट्रात मोतीभरत बहरलं. त्यात कापडाचा आधार न घेता, मण्याला मणी जोडत भिंतीवरचे चाकळे, तोरणं आणि डोक्यावरच्या इंढोण्या विणतात, आणि त्यांवर पोपट-मोर उतरतात. मुंबई-सुरतेच्या पारशी घरांतल्या तोरणांवरही कोंबडे आणि हंस दिसतात. मराठी घरांत ही विद्या अशा शेजारातूनही आली असं मला वाटतं. माझ्याकडच्या जुन्या तोरणांचे टाके आणि मोतीभरताचे टाके सारखे निघतात. त्याच सुमारास इकडे बाईच्या सुईला शाळेची प्रतिष्ठा मिळत होती. 1909 साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, तिथे शिवणकामाचे वर्ग चालत. ज्या हातांना मोजून टाका घालायची सवय लागली, त्यांना मणी मोजायला वेगळं शिकवावं लागलं नाही.

तोरण सपाट असतं, पक्षी गोल. सपाटातून गोलाकडे जायची युक्ती मला आत्याने शिकवली. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया घ्यायच्या. पाच मणी ओवून शेवटच्या मण्यातून दोन्ही सुया समोरासमोर काढायच्या, की पहिलं घर बांधलं गेलं. पुढचं घर जुना एक मणी धरून बांधायचं; म्हणजे त्यात नवे चारच लागतात. त्यापुढच्या तीन घरांत जुने दोन आणि नवे तीन, सहाव्यात जुने तीन आणि नवे दोन. इथवर वीस मणी संपतात आणि तळहातावर वाटी तयार होते. ती तशीच वर बांधत नेली की नवे मणी कमी कमी लागतात. बाराव्या घरात नवा मणी एकही लागत नाही, फक्त दोरा फिरवून आवळायचा. तीस मण्यांचा घट्ट चेंडू हातात येतो. हे पक्ष्याचं डोकं.

पाचाच्या घराने काम आत वळतं, सहाच्या घराने सपाट चालतं, साताच्या घराने बाहेर पसरतं. म्हणून पोटाच्या फुगीर भागात पाच आणि सहा मिसळायचे, मान जिथे खांद्यात उतरते तिथे सात, पंख आणि शेपटी नुसत्या सहाच्या. आत्या शाळेत भूमिती फारशी शिकली नव्हती, पण 'इथे सात घाल, नाहीतर मान आखडेल' हे ती न बघता सांगायची. बारा पाचाची आणि वीस सहाची घरं बांधली तर नव्वद मण्यांचा मोठा चेंडू होतो. कार्बनच्या साठ अणूंचा जो रेणू 1985 साली सापडला आणि ज्याच्या शोधाला 1996 चं नोबेल मिळालं, त्याचा सांगाडा हाच आहे. तैवानचे रसायनशास्त्रज्ञ बी-याव जिन अशा रेणूंच्या प्रतिकृती मण्यांतच विणतात. तिथे एक मणी म्हणजे दोन अणूंमधला एक बंध.

तंगूस आला तसं पक्ष्याचं शरीर बदललं. नायलॉन 1938 मध्ये अमेरिकेत जाहीर झालं. पुढे आपल्याकडे मासेमारीचा तंगूस मण्यांच्या दुकानांतही मिळू लागला. तो ताठ, त्याला सुई लागत नाही आणि आवळला की आकार धरून ठेवतो. त्यामुळे पोटातला कापूस गेला. प्लास्टिकचा मोती मोठा आणि स्वस्त, म्हणून पक्षी आकाराने वाढला आणि दोन-तीन संध्याकाळी पुरा होऊ लागला. या पिढीच्या पक्ष्यांना नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. मला ते मान्य नाही. काचेची पोत परवडत नव्हती अशा असंख्य मुलींच्या हाती प्लास्टिकमुळेच ही विद्या पोचली. मात्र तंगूस म्हातारा झाला की पिवळा पडतो आणि कडकडून तुटतो; मेणाचा सुती दोरा त्याच्याहून जास्त टिकलेला मी पाहिला आहे.

'रिकामपणाचं काम' या दोन शब्दांत या सगळ्याची वासलात लावली जाते, त्याचं मला फार वाईट वाटतं. अडकित्ते, दिवे, दौती ही इतिहासाचीच साधनं आहेत, हे दिनकर केळकरांनी पुण्यातल्या आपल्या संग्रहालयातून दाखवून दिलं. मण्यांच्या पक्ष्यांना तो मान अजून मिळायचा आहे. त्यांत व्यापाराचे मार्ग आहेत, लग्नाच्या रीती आहेत आणि कागदाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं गणित आहे. नाही ते एवढंच: विणणारीचं नाव. म्हणून दुरुस्त केलेला पक्षी परत देताना मी घरच्यांकडून एक चिठ्ठी लिहून घेते: कोणी केला, कोणत्या गावी, कोणाच्या लग्नात, कोणाकडून शिकली. तुमच्या कपाटात असा पक्षी असेल तर हे चार शब्द आजच लिहा. विणणाऱ्या बाईला ते विचारता येतील तोवरच लिहा.